कुंपणाच्या आतली माणसं

कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात लेक लुईझ नावाचं तळं आहे. तिथल्या तंबूतळाला चारी बाजूंनी विजेचं कुंपण आहे. ऑगस्टातल्या त्या संध्याकाळी आमचा तंबू ठोकून झाला, स्टोव्हवर चहाचं आधण चढलं आणि पाय मोकळे करायला निघालेले बाबा त्या कुंपणापाशीच थबकले. त्यांनी तारा निरखल्या, विजेच्या धोक्याची पाटी पाहिली आणि मला हाक मारली.

"अगं, आत काय राखलंय एवढं?"

"आत आपणच आहोत, बाबा. अस्वलं बाहेर आहेत."

त्यांनी एकदा आतल्या रंगीत तंबूंकडे पाहिलं, एकदा पलीकडच्या काळ्याशार सूचिपर्णी जंगलाकडे, आणि म्हणाले, "कासला उलटं केलं होतं."

ते खरंच आहे. साताऱ्याच्या कास पठारावर फुलं वाचवायला जाळी ठोकली होती, म्हणजे फुलं आत आणि माणसं बाहेर. गुरं चरायची थांबली, गवत माजलं, फुलं कमी झाली, असं भोवतालचे गावकरी वर्षानुवर्षं सांगत राहिले आणि शेवटी ती जाळी काढायची वेळ आली. पुढचे नऊ दिवस बाबांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. हे लिहायला बसले त्याला तेही एक कारण आहे.

दुसरं कारण माझ्या मावसभावाचा निरोप. ११ जुलै २०२५ ला शिवरायांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. आमच्या भोरच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर दिवसभर अभिनंदन चाललं होतं आणि दुसऱ्या दिवसापासून भांडण. आता राजगडावर किती गर्दी होणार, रोपवे हवा की नको, मुक्कामाला बंदी घालावी का. त्याच्या महिनाभर आधी, १५ जूनला, पुणे जिल्ह्यातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल पडून चार जण गेले होते. पावसाळी ठिकाणं सरसकट बंद करा म्हणणारे एका बाजूला आणि बंदीने काय होतं म्हणणारे दुसऱ्या बाजूला. त्यात मावसभावाने मला उद्देशून लिहिलं, "ताई, तुमच्याकडे लोकांच्या रक्तातच शिस्त आहे. आपले लोक डोंगर द्यायच्या लायकीचे नाहीत. तू सांग यांना." मी तेव्हा काहीच लिहिलं नाही. ट्रिपची बांधाबांध चालू होती. आता लिहिते आहे, पण त्याला हवं होतं ते नाही.

मी अकरा वर्षं कॅलगरीत राहते. बॅन्फ राष्ट्रीय उद्यान इथून दीड तासावर. बाबा भोरच्या एसटी आगारात मेकॅनिक होते. आता एकाहत्तरीचे आहेत आणि उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. लहानपणी मला राजगड त्यांनीच दाखवला, तोही गुंजवण्याच्या रुळलेल्या वाटेने नाही, भुतोंड्याच्या बाजूने अळू दरवाजातून. त्या उन्हाळ्यात, २०२५ मध्ये, कॅनडा सरकारने २० जून ते २ सप्टेंबर राष्ट्रीय उद्यानांचा प्रवेश सगळ्यांना मोफत ठेवला होता आणि तंबूच्या जागेचं भाडं पाव हिश्शाने कमी केलं होतं. म्हणून नवरा, बारा वर्षांची लेक, बाबा आणि मी असे चौघं बॅन्फपासून त्याला लागून असलेल्या जॅस्पर उद्यानापर्यंत नऊ दिवस तंबू घेऊन फिरलो.

आता शिस्तीचं.

पहिल्याच रात्री जेवणं झाल्यावर आम्ही भांडी घासायला नळावर गेलो. नवरा लेकीला घेऊन सरपणाला. दहा मिनिटांत परत आलो तर टेबलावरचा आइसबॉक्स गायब आणि त्याच्या जागी एक कागद. उद्यानाच्या गणवेशातली एक तरुण मुलगी शेजारच्या तंबूजवळ उभी होती. आइसबॉक्स तिनेच उचलून नेला होता. आवाज न चढवता तिने सांगितलं की खाणं, तेल, मसाल्याचा डबा, टूथपेस्ट, कुत्र्याचं ताटसुद्धा माणूस जवळ नसताना उघड्यावर ठेवायचं नाही, गाडीत नाहीतर लोखंडी कपाटात बंद करायचं. पुन्हा असं झालं तर जागेचा परवाना रद्द होतो आणि दंडही होतो. मी म्हटलं, इथे तर विजेचं कुंपण आहे. ती म्हणाली, "कुंपण चुकू शकतं. अस्वलाला एकदा माणसाचं खाणं मिळालं की ते परत परत येतं, आणि मग आम्हालाच त्याला मारावं लागतं."

मला फार लाज वाटली. अकरा वर्षं इथे राहून मी हे केलं होतं. पण त्या रात्री झोप येईना तेव्हा जाणवलं की मावसभावाला द्यायचं उत्तर मला तिथेच मिळालं होतं. शिस्त माझ्या रक्तात नव्हती. ती त्या मुलीच्या फेरीत होती. दर संध्याकाळी पगार घेऊन कोणीतरी शेकडो तंबूंमधून चालत जातं, टेबलं बघतं, कागद ठेवतं. ती फेरी बंद पडली तर महिनाभरात काय होईल हे बघायला मला कल्पना लढवावी लागत नाही, कारण ते इथे एकदा होऊन गेलेलं आहे.

आज बॅन्फला येणाऱ्या आपल्या लोकांना हे माहीत नसतं. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत बॅन्फ आणि जॅस्परला आलेले पर्यटक संध्याकाळी गावच्या कचरा डेपोवर अस्वलं बघायला जायचे. रस्त्यात गाडी थांबवून काचेतून अस्वलाला बिस्किटं भरवायचे, मुलांना शेजारी उभं करून फोटो काढायचे. हेच लोक, यांचेच आजी-आजोबा. १९८० मध्ये बॅन्फ गावाला लागून असलेल्या व्हिस्की क्रीक भागात अस्वलाने माणसांवर हल्ले केले, त्यात एक जण मेला, आणि त्यानंतर उद्यानाने कचऱ्याची सगळी पद्धत बदलली. आज सगळीकडे दिसतात त्या अस्वलाला न उघडणाऱ्या लोखंडी कचरापेट्या त्यातून आल्या. झाकणाच्या कडेला एक खोबण असते. हात खालून आत घालायचा, आतला खटका बोटांनी दाबायचा आणि मग झाकण ओढायचं. अस्वलाचा पंजा त्या खोबणीत शिरत नाही. पहिल्या दिवशी बाबा त्या पेटीसमोर इतका वेळ उभे होते की मागे तीन माणसांची रांग लागली. हात घालून खटका दाबून पाहिला, सोडून पाहिला, वाकून बिजागरी पाहिली. "पत्रा जाड आहे," एवढंच म्हणाले.

म्हणजे जिला आपण परदेशी शिस्त म्हणतो ती चार-साडेचार दशकांची आहे, आणि ती लागण्याआधी एक माणूस मेला होता. कुंडमळ्याला चार गेले. त्याआधीच्या वर्षी, ३० जून २०२४ ला, लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. आपल्याकडे दर वेळी चर्चा होते ती मेलेल्यांच्या बेशिस्तीची. जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो, पोलीस दोन शनिवार-रविवार नाक्यावर उभे राहतात, आणि ढगाळ हवा सरली की आदेशही सरतो. पेटी कोणी बनवली, फेरी कोण मारणार, त्याचा पगार कुठून येणार, हे कोणी विचारत नाही. मला याचा मनापासून राग येतो. लोकांना नालायक ठरवलं की सरकारवरची जबाबदारी आपोआप उतरते, आणि ती आपणच आपल्या हाताने उतरवून देतो.

एक गोष्ट बाई म्हणून सांगते. या नऊ दिवसांत प्रत्येक वाटेच्या तोंडाशी संडास होता. साधा, खड्ड्याचा, पाण्याशिवायचा, वास येणारा, पण दाराला कडी होती आणि आत कागद होता. माझी लेक सकाळी बाटलीभर पाणी पिऊन डोंगर चढायला लागायची. मी तिच्या वयाची असताना राजगडला जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी कमी प्यायचे. आईने सांगितलं नव्हतं, मोठ्या मुलींचं बघून शिकले होते. जागतिक वारशाच्या आनंदात कमानी, दिवे, लेझर शो यांच्या किती घोषणा झाल्या! पायथ्याच्या गावात बायकांसाठी दहा स्वच्छ संडास आणि ते धुणाऱ्या माणसाचा वर्षभराचा पगार, ही घोषणा कोणी केलेली माझ्या वाचनात आली नाही. ती झाली तर वारशाबद्दलचं बाकी सगळं मी मुकाट्याने ऐकून घेईन.

रोपवेवर माझं आणि बाबांचं एकमत होत नाही. २०२२ मध्ये राजगडच्या रोपवेचा करार झाल्याची बातमी आली तेव्हापासून मी विरोधात आहे. बाबांचे गुडघे गेलेत. बालेकिल्ल्याची शेवटची चढण त्यांनी आठ-नऊ वर्षांपूर्वी केली आणि आता करणार नाहीत. ते म्हणतात, "तुझे पाय आहेत म्हणून तू बोलतेस." याला माझ्याकडे सरळ उत्तर नाही. बॅन्फला सल्फर माउंटनवर १९५९ पासून केबल कार आहे. आम्ही बाबांना तिने वर नेलं. आमच्या पुढच्या पाळण्यात चाकाच्या खुर्चीतल्या एक आजी होत्या. वर लाकडी फरसबंदी वाटेवरून बाबा काठी न घेता शिखराच्या टोकापर्यंत गेले, खाली वळणावळणाने जाणारी बो नदी बघत कितीतरी वेळ उभे राहिले, आणि माझ्याकडे बघून बोलले काहीच नाहीत.

तरीही माझं मत बदललं नाही, आणि ते का हे नीट सांगायला हवं. बॅन्फ उद्यान ६,६४१ चौरस किलोमीटरचं आहे. त्यातल्या एका डोंगराला तार बांधली म्हणून बाकीचे शेकडो डोंगर बिघडत नाहीत. शिवाय दुसरी तार मागितली तेव्हा नकार मिळाला. बॅन्फ गावातून नॉर्क्वे डोंगरावर केबल कार नेण्याचा एका खासगी कंपनीचा प्रस्ताव उद्यानाने फेटाळला. सगळंच असं निर्मळ नाही. २०१४ मध्ये जॅस्परच्या हद्दीत कड्याबाहेर काचेचा सज्जा बांधला गेला, जो देखावा पूर्वी रस्त्याकडेला गाडी थांबवून फुकट दिसायचा त्यासाठी आता तिकीट आहे, आणि त्यावर इथल्या लोकांनी तेव्हा खूप आवाज उठवला होता. पण निदान कुठे होय आणि कुठे नाही यासाठी उद्यानाच्या आराखड्याकडे बोट दाखवता येतं. राजगडाच्या माथ्यावर तीन माच्या आणि एक बालेकिल्ला, एवढीच जागा. पद्मावती माचीवर तासाला पाचशे माणसं उतरवली तर ती उभी कुठे राहणार? रायगडाला १९९६ पासून रोपवे आहे. म्हाताऱ्या माणसाला, अपंगाला राजधानी बघता आलीच पाहिजे आणि ती बघता येते. प्रत्येक गडाला तार हवी हा हट्ट मला बाबांच्या गुडघ्यांपेक्षा ठेकेदाराच्या सोयीचा वाटतो. बाबा हे वाचतील आणि पुन्हा वाद घालतील. घालू देत.

गर्दीचं म्हणाल तर बॅन्फला वर्षाला चाळीस लाखांहून जास्त माणसं येतात. मोरेन लेक हे कॅनडाच्या जुन्या वीस डॉलरच्या नोटेवरचं तळं. २०२३ पासून तिथे खासगी गाडी नेता येत नाही. बस आहे, तिचं आरक्षण करावं लागतं, बऱ्याच जागा दोन दिवस आधी सकाळी आठला खुल्या होतात आणि बघता बघता संपतात. आम्हाला दोनदा मिळाल्या नाहीत, तिसऱ्यांदा मिळाल्या. त्याआधी तळ्याचं पार्किंग पहाटे चारला भरायचं आणि लोक रस्त्यावर भांडायचे. बंदी आली ती गाडीवर. माणूस बसने जातोच. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे एक तर हरिहर गडाच्या पायऱ्यांवर मुंग्यांसारखी रांग, नाहीतर गड बंद. मधलं काही सुचतच नाही.

तळ्यापासून लार्च व्हॅलीकडे जाणाऱ्या वाटेवर पाटी होती: चार जणांपेक्षा कमी असाल तर पुढे जायचं नाही, आणि चौघांनी एकमेकांना धरून राहायचं. अस्वलांचा वावर वाढला की हा हुकूम निघतो, आणि तो कायद्याने पाळावा लागतो. बाबा खाली तळ्याकाठी थांबणार होते, त्यामुळे आम्ही तिघंच उरलो. पाटीजवळ क्युबेकचं एक जोडपं अशाच अडचणीत उभं होतं. पाच जणांची जोडणी झाली आणि चार तास आम्ही अनोळखी माणसांच्या पावलाशी पाऊल जुळवून चाललो. माझी लेक त्यांच्याशी फ्रेंचमध्ये बोलत होती, ते कळत नसूनही कान देऊन ऐकताना मला बरं वाटत होतं.

लेक लुईझपासून जॅस्परपर्यंत सुमारे २३० किलोमीटरचा रस्ता आहे. त्याचं वर्णन करत नाही, तो ज्याने त्याने पाहावा. वाटेत विलकॉक्सच्या तंबूतळावर दोन रात्री राहिलो. तिथे आरक्षण नाही, जो आधी येईल त्याला जागा. ऑगस्टात पहाटे पाण्याच्या बाटलीत बर्फाचे कण झाले होते. समोर अथाबास्का हिमनदी. तिच्याकडे चालत जाताना वाटेत सनावळीच्या पाट्या लावल्या आहेत, अमुक साली बर्फ इथवर होता. सव्वाशे वर्षांत ती दीड किलोमीटरहून जास्त मागे सरली आहे. लेक स्वतःच्या जन्मसालाचा अंदाज बांधत एका दगडाजवळ थांबली आणि तिथून बर्फापर्यंतचं अंतर तिने पावलांनी मोजायला घेतलं. अर्ध्यात दोरी आडवी आली, पुढे जायला मनाई.

महामार्गावरच्या जनावरांच्या पुलांबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण त्यात आपणही मागे नाही. बॅन्फमधून जाणाऱ्या ट्रान्स-कॅनडा महामार्गावर सहा उन्नत पूल आणि अडतीस भुयारी मार्ग खास जनावरांसाठी आहेत, पुलांवर माती टाकून झाडं लावलेली. दोन्हीकडच्या कुंपणांसह हे झाल्यावर वाहनांना जनावरं धडकण्याचे अपघात ऐंशी टक्क्यांहून जास्त घटले. आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पातही राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली असे मार्ग आहेत, आणि तिथल्या कॅमेऱ्यांत वाघ टिपले गेलेत. न्यायालयात झगडून ते मिळवावे लागले, पण मिळाले. "आपल्याकडे काही होत नाही" म्हणणाऱ्यांना मी हेच दाखवते.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिते आहे त्याकडे येते.

जॅस्परच्या उत्तरेला सेलेस्टाइन लेककडे जाणारा एक अरुंद कच्चा रस्ता आहे. त्या वाटेवर ओंडक्यांचं एक जुनं घर उभं आहे, इवान मोबर्लीचं. मोबर्ली, मोबर्लीचे भाऊबंद आणि आणखी काही कुटुंबं अथाबास्काच्या या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. मेटी लोक, म्हणजे मूळनिवासी आणि युरोपीय अशा दोन्ही वंशांचे. शेती होती, गुरंघोडी होती, शिकार होती. १९०७ मध्ये जॅस्पर उद्यान जाहीर झालं, आणि १९१० मध्ये या कुटुंबांना थोडीफार भरपाई हातावर ठेवून खोऱ्याबाहेर काढलं. ती उत्तरेकडे ग्रँड कॅशला गेली. त्याच खोऱ्यात लुईस स्विफ्ट नावाचा एक गोरा अमेरिकन राहत होता. त्याने जायला नकार दिला. त्याला जमिनीचा पट्टा मिळाला.

बॅन्फची गोष्ट फार वेगळी नाही. १८८३ मध्ये रेल्वेच्या मजुरांना गरम पाण्याचे झरे 'सापडले', १८८५ मध्ये त्याभोवतीची सव्वीस चौरस किलोमीटर जागा राखीव झाली, १८८७ मध्ये उद्यान. स्टोनी नाकोडा हे मूळनिवासी लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकारीला आणि विधींना येत होते. त्यांना शिकारीची बंदी झाली आणि उद्यानातून दूर ठेवलं गेलं. मात्र वर्षातून काही दिवस पारंपरिक पोशाख घालून पर्यटकांसमोर नाचायला त्यांनाच बोलावलं जाई. बॅन्फचा हा 'इंडियन डेज' सोहळा १९७८ पर्यंत चालला. लेक लुईझला ते लोक छोट्या माशांचं तळं म्हणत. आजचं नाव राणी व्हिक्टोरियाच्या मुलीचं.

मोबर्लीच्या घरापाशी बाबा बराच वेळ शांत होते. मग ओंडक्यावरून हात फिरवत म्हणाले, "धरणात गेलेल्यांची घरं तरी पाण्याखाली असतात. दिसत नाहीत." बाबांच्या आजोळची जमीन भाटघर धरणात गेली होती. मी हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, तेही सातासमुद्रापार, दुसऱ्याच कोणाच्या पडक्या घरासमोर.

आणि आता हे वाचा. जुलै २०२४ मध्ये जॅस्परला वणवा आला आणि गावातल्या जवळजवळ एक तृतीयांश इमारती जळाल्या. आम्ही दक्षिणेकडून गावात शिरलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोळशाच्या काड्यांसारखी झाडं मैलोगणती उभी होती. खाली गुलाबी फायरवीड फुललं होतं. दुष्काळ, किडीने मेलेले पाइन, तापलेली हवा ही कारणं आहेतच. पण आणखी एक कारण आता खुद्द उद्यानवालेही मान्य करतात. मूळनिवासी लोक वसंतात आणि शरदात गवताळ पट्टे मुद्दाम जाळत. त्यामुळे जंगल विरळ राहायचं, मोठी आग पसरायची नाही. माणसं हटवली, त्यांची आगही बंद केली, वर शंभर वर्षं प्रत्येक ठिणगी विझवली, आणि खोरं जळाऊ लाकडाने भरत गेलं. कासला गुरं थांबली आणि गवत माजलं. जॅस्परला आग थांबली आणि जंगल माजलं. डोंगर रिकामा केला म्हणजे तो राखला, हे दोन्हीकडे खोटं ठरलं.

म्हणून मावसभावाला माझं सांगणं हे आहे. इथली फेरी घ्या, पेटी घ्या, संडास घ्या, बस घ्या. रिकामं खोरं घेऊ नका. चांदोलीच्या जंगलासाठी उठलेली गावं कित्येक वर्षं पुनर्वसनाच्या जमिनीसाठी आंदोलनं करताहेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या आदिवासी पाड्यांवर १९९७ पासून न्यायालयाच्या आदेशाची टांगती तलवार आहे. आता किल्ल्यांचा वारसा आला. वारशाच्या नावाने पहिला हात कोणावर पडेल हे मला दिसतं आहे: पद्मावती माचीवर ताक विकणाऱ्या बाईवर. ती पहाटे हंडा डोक्यावर घेऊन गड चढते. कुठला दगड पावसात सुटतो, कुठल्या कपारीला आग्या मोहोळ आहे, कोणत्या टाक्याचं पाणी प्यायचं, हे तिला माहीत असतं. बॅन्फमध्ये हे ज्ञान असलेली माणसं शंभर वर्षांपूर्वी हाकलली, आणि आता त्यांच्या नातवंडांना सल्लागार समित्यांवर बोलावून विचारतात की तुमचे आजोबा आग कशी लावायचे. आपल्याकडे ती बाई अजून गडावर आहे. अतिक्रमण म्हणून तिची टोपली उचलण्याआधी तिला गणवेश द्या, पगार द्या, फेरी मारायचा अधिकार द्या.

हे स्वप्नरंजन नाही. कासला भोवतालच्या गावांच्या वनव्यवस्थापन समित्या हंगामात नोंदणी, दिवसाची मर्यादा, पार्किंग सांभाळतात, आणि त्यात चुका होतात तशा दुरुस्त्याही होतात. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं हे गाव. गडाच्या पायथ्याच्या ग्रामसभेला विचारून रविवारी किती माणसं वर सोडायची ते ठरवायला काय हरकत आहे? आकडा त्यांचा, तिकिटाचे पैसे त्यांच्या खात्यात, दुरुस्तीवर पुरातत्त्व खात्याची देखरेख. पुण्या-मुंबईच्या ट्रेकर मंडळींना हे रुचणार नाही, मला माहीत आहे. मीही त्यांच्यातलीच. गडावर जाण्याचा माझा हक्क जन्मसिद्ध आहे असं मलाही वाटत आलं. पण मोरेन लेकच्या बसमध्ये दोनदा जागा मिळाली नाही तेव्हा मी घरी बसले. राजगडाला तिसऱ्या रविवारी गेले तरी चालेल.

बाबा ऑक्टोबरात परत गेले. जाताना त्यांच्या डायरीत त्या कचरापेटीच्या खटक्याची आकृती होती, मापांसह, तिन्ही बाजूंनी. भोरमधल्या एका ओळखीच्या वेल्डरकडून त्यांनी जाड पत्र्याची एक पेटी करून घेतली आहे. एका गडाच्या पायथ्याच्या गावात, शाळेच्या आवारात ती ठेवली. आपल्याकडे कचरा विस्कटतात ती माकडं. तिसऱ्या दिवशी माकडांनी पेटी उघडली. बाबांचा फोन आला तेव्हा आवाजात नाराजी मुळीच नव्हती. "अगं, माकडाला बोटं असतात," म्हणाले. "अस्वलाचा खटका इथे चालायचा नाही. दोन हातांनी एकदम दाबावा लागेल असा काहीतरी करून बघतोय. तुझ्या लेकीला विचार, तिला काही सुचतंय का."